नाव शेवटी वाचायचं

टेबलावर पांढरं कापड, कापडावर ओळीनं पाच तलवारी. पाती उघडी, मुठींकडचा भाग झाकलेला. माणसं एकेक करून पुढे येतात, वाकून नमस्कार करतात, तलवार उचलतात, दिव्याकडे तिरकी धरून तिच्यावरून नजर फिरवतात, आणि बाजूला जाऊन चिठ्ठीवर एक नाव लिहितात. चिठ्ठी परीक्षकाकडे जाते. नेमका लोहार ओळखला असेल तर उत्तर येतं 'आतारी', म्हणजे बरोबर. त्याच घराण्यातला अगदी जवळचा लोहार लिहिला असेल तर 'दोझेन', बरोबर धरण्याजोगं. प्रांत बरोबर पण माणूस चुकला, तर तशी वेगळी खूण. सगळंच फसलं की 'इया'. बहुधा तीन फेऱ्या मिळतात. शेवटी मुठीकडचं आवरण काढतात आणि पोलादावर छिन्नीनं कोरलेलं नाव सगळ्यांना दाखवतात.

जपानमध्ये तलवारीच्या अभ्यासकांची मंडळं हा खेळ आजही खेळतात. परीक्षेला 'कांतेई' म्हणतात. नाव झाकून नाव ओळखायचं, ही अट ऐकायला उरफाटी वाटते. ज्यावर कर्त्याची सही आहे ती वस्तू ओळखायला सही का वाचू नये? पण शेकडो वर्षांच्या खोट्या सह्यांनी पोळलेल्या लोकांनी ही शिस्त घातलेली आहे. त्यांच्या हिशेबी सही हा साक्षीदार आहे आणि साक्षीदार फुटू शकतो. पातं फुटत नाही. म्हणून आधी पात्याचा जबाब घ्यायचा, मग सहीला विचारायचं.

पात्याच्या जबाबात पहिला मान आकाराला. तेराव्या शतकातली तलवार घोडेस्वाराची. ती कमरेला धार खाली करून टांगायची आणि तिचा बाक मुठीजवळ जास्त असतो. चौदाव्या शतकाच्या मध्यावर पाती रुंद, लांबलचक होतात, काही तर तीन फुटांच्याही पुढे जातात. सतराव्या शतकातली, १६६० च्या दशकातली तलवार जवळजवळ सरळ आणि टोकाकडे निमुळती. म्हणजे नाव तेराव्या शतकातलं आणि अंगकाठी १६६५ ची असेल, तर पुढचं काही बघायचीही गरज नाही.

आकारावरून काळ कळतो, पोलादावरून प्रांत. कच्चं पोलाद पुन्हापुन्हा दुमडून ठोकलं की त्यात लाकडासारखे पदर उमटतात, आणि प्रत्येक प्रदेशाच्या पदरांचा पोत निराळा. बिझेन, म्हणजे आजच्या ओकायामा जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग. तिथल्या जुन्या पात्यांवर धारेच्या वर धुक्याचा पट्टा तरंगल्यासारखा दिसतो. दिवा योग्य कोनात असेल तरच दिसतो, नाहीतर नाही. मग उरतं पाणी. पाणी देण्याआधी लोहार पात्यावर मातीचा लेप चढवतो, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. तापलेलं पातं पाण्यात गेलं की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते, आणि दोहोंच्या सीमेवर एक पांढुरकी रेघ उमटते. तिला 'हामोन' म्हणतात. कुणाची रेघ सरळ, कुणाची लवंगेच्या कळ्यांसारखी, कुणाची उसळत्या लाटांची. हा लोहाराचा खरा हात. तो नक्कलकाराला सहजासहजी साधत नाही, कारण त्यासाठी त्याला मूळ लोहाराइतकंच चांगलं पाणी देता यायला हवं. आणि तसं देता येत असेल, तर तो स्वतःचंच नाव का कोरणार नाही? (याचं उत्तर पैशात आहे. त्याकडे येऊ.)

आता सही. मुठीत जाणारा पात्याचा भाग म्हणजे 'नाकागो'. मुठीत बांबूची एक छोटी खुंटी असते. ती ठोकून काढायची, डाव्या हातात मूठ उभी धरायची आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलकेच ठोसे द्यायचे. पातं सैल होऊन वर उचललं जातं. मूठ उतरली की दिसतो काळपट तपकिरी, कधीच न घासलेला लोखंडाचा तुकडा. उरलेल्या पात्याला आरशासारखी झिलई दिली जाते, पण नाकागोला कुणी हात लावत नाही. त्यावरचा गंज हाच त्याचा जन्मदाखला. तीन-चारशे वर्षांचा गंज मऊ, दाट, जवळपास चकाकता असतो. आम्ल लावून घाईघाईनं आणलेला गंज भुसभुशीत, लालसर, बोटाला लागणारा.

या गंजाखाली कानशीचे वळ असतात. तेही प्रत्येक घराण्याचे ठरलेले. कुणाचे आडवे, कुणाचे तिरके, कुणाचे मांजराच्या नखांनी ओरबाडल्यासारखे. आधी कानस, मग छिन्नी, हा क्रम. म्हणून खऱ्या सहीत अक्षरं कानशीच्या वळांना तोडून जातात. जुनं क्षुल्लक नाव घासून त्या जागी थोर नाव कोरलं असेल, तर तिथे नाकागो कणभर पातळ भरतो आणि वळ आजूबाजूपेक्षा ताजे दिसतात.

अक्षर कोरण्याची रीत तर फारच बोलकी. नाकागोला पाणी दिलेलं नसतं, त्यामुळे तो मऊ राहतो आणि छिन्नी त्यात शिरते. एक रेघ एका फटक्यात होत नाही. छिन्नी पुढे सरकत राहते आणि हातोडीचे लहान लहान ठोके पडत जातात. भिंगाखाली ते ठोके मोजता येतात. एखाद्या लोहाराची आडवी रेघ किती ठोक्यांत संपते, छिन्नी कुठल्या बाजूला कलते, शेवटचा ठोका जोराचा की उचलता, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. छिन्नीनं दोन्ही बाजूंना सरलेलं लोखंड कडांवर किंचित वर येतं. शतकं गेली की ते वर आलेलं लोखंड गंजून, झिजून गुळगुळीत होतं. नव्या खोट्या सहीत कडा हाताला टोचतात, किंवा त्या मुद्दाम चोळून बसवल्याचं जाणवतं. अभ्यासक पातळ कागद नाकागोवर ठेवून काजळीच्या वडीनं ठसा घेतात आणि तारखा पक्क्या असलेल्या तलवारींच्या ठशांशी ताडून बघतात. मोडी कागद तपासणारा माणूस मजकुराआधी अक्षराचं वळण आणि मोर्तबाची जागा बघतो, तसंच हे काम.

खुंटीच्या भोकाची गंमत मला सगळ्यांत आवडते. जुनी तलवार पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या मुठींत बसते, त्यामुळे नाकागोला दोन-तीन भोकं पडतात. नंतर पडलेलं भोक कधी एखाद्या अक्षराच्या मधूनच जातं. ते अक्षर बिचारं अर्धं होतं, पण त्याची सचोटी पक्की होते, कारण भोकाआधी ते तिथे होतं. उलट तीन भोकांतून नेमकी वाट काढत ऐटीत बसलेलं अखंड नाव दिसलं, की परीक्षकाच्या कपाळावर आठी पडते. लोहारानं कोरलं तेव्हा एकच भोक होतं. पुढच्या दोन भोकांची जागा त्याला कशी कळली?

एदो, म्हणजे आजच्या तोक्योतल्या नागासोने कोतेत्सुची सही हा या शास्त्राचा सर्वांत गाजलेला धडा. माणूस मूळचा चिलखतं घडवणारा. शांततेच्या काळात चिलखतांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा पन्नाशीच्या घरात तो तलवारींकडे वळला आणि बघता बघता एदोतला पहिल्या नंबरचा लोहार झाला. त्याची पाती भयंकर कापत. यामानो घराण्यातले परीक्षक ती गुन्हेगारांच्या मृतदेहांवर चालवून बघत आणि किती धडं एका घावात कापली हे नाकागोवर सोन्यात जडवत. असं नाव झालं की नकला आल्याच. जपानी संग्राहकांत म्हणच पडली आहे, कोतेत्सु दिसला की खोटा समजावा.

पण कोतेत्सुनं नकळत नक्कलकारांसाठी सापळा लावून ठेवला. आपल्या नावातलं 'को' हे अक्षर तो आधी 'जुनं' या अर्थाचं लिही. पुढे 'वाघ' या अर्थाचं लिहू लागला. त्या वाघाची शेवटची रेघ शेपटीसारखी झटक्यात उचललेली. मग १६६४ च्या सुमाराला त्यानं वाघाचं अक्षरच बदललं आणि चौकटीसारखं कोरू लागला. अभ्यासक पहिल्याला 'उसळता वाघ' म्हणतात, दुसऱ्याला 'पेटीतला वाघ'. या टप्प्यांच्या आतही छिन्नीचं वळण वर्षागणिक सरकत राहतं. खोट्या सहीत हमखास घोटाळा होतो: १६७० च्या दशकातल्या तारखेवर उसळता वाघ, किंवा सुरुवातीच्या ढंगाच्या पात्यावर शेवटचं अक्षर. नक्कलकाराकडे एखादाच ठसा असायचा. कोतेत्सुची सगळी कारकीर्द डोळ्यांपुढे असणं त्याला परवडणारं नव्हतं. आजच्या परीक्षकाला ते परवडतं.

शिन्सेनगुमी या तलवारबाजांच्या पथकाचा प्रमुख कोन्दो इसामी याची तलवार कोतेत्सुची, अशी जपानात पोरासोरांची समजूत. १८६४ मध्ये या पथकानं क्योतोतल्या इकेदाया सराईवर रात्री छापा घातला. त्यात साथीदारांच्या तलवारी मोडल्या, वाकल्या. आपली मात्र कोतेत्सुची म्हणूनच शाबूत राहिली असावी, असं कोन्दोनं घरी पत्रात कळवलं. बहुतेक अभ्यासक ती खोट्या सहीचीच मानतात. एक आख्यायिका अशी, की ती त्याच काळातल्या कियोमारो या लोहाराची होती आणि एका सराईत नक्कलकारानं तिच्यावर कोतेत्सुचं नाव चढवलं. आख्यायिकेला पुरावा नाही. पण ती खरी असेल तर मौज बघा. कियोमारो आज एकोणिसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ लोहार गणला जातो, आणि त्याच्या पात्यावर दुसऱ्याचं नाव घातलं म्हणजे माणकावर हिऱ्याचा मुलामा दिल्यासारखं झालं.

सापळे आणखीही आहेत. ओसाकाच्या सुकेहिरोनं १६७४ मध्ये टोकदार लिपी सोडून वळणदार, वाहती लिपी धरली. त्यामुळे आधीच्या तारखेवर ती लिपी दिसली की खेळ संपला. हिझेन प्रांतातल्या तादायोशी घराण्याची खोड वेगळी. कमरपट्ट्यात धार वर करून खोचायच्या तलवारीवर बाकीचे लोहार अंगाच्या बाहेरच्या बाजूला नाव कोरत, हे मात्र उलट बाजूला. ही खोड माहीत नसलेले नक्कलकार 'योग्य' बाजूला सही कोरून पकडले गेले आहेत.

आता पैशाकडे येतो. एदो काळात तलवार हे युद्धापेक्षा भेटवस्तूचं हत्यार होतं. सरदाराला गादी मिळाली, सरदार निवृत्त झाला, लग्न ठरलं, शोगूनची भेट झाली की तलवार द्यायची आणि तलवार घ्यायची. थोर नाव नसलेली तलवार दिली तर मान जातो. थोर नावांच्या खऱ्या तलवारी मात्र मोजक्याच. मग बाजार जे करतो ते त्यानं केलं. माझं मत असं, की या खोट्या सह्यांतल्या बऱ्याच जणू संगनमतानं चाललेल्या. देणारा फार खोलात शिरत नसे आणि घेणारा तोंडावर विचारत नसे. फसवणुकीइतकाच यात शिष्टाचार होता.

या व्यवहारात मधे उभं होतं होनआमी घराणं. मुरोमाची काळापासून तलवारींना झिलई देणं, त्या सांभाळणं आणि त्यांची परीक्षा करणं हा या घराण्याचा वारसा. सुलेखन आणि मातीच्या भांड्यांसाठी गाजलेला होनआमी कोएत्सु याच घरातला. परीक्षा झाली की ते जाड कागदावर लोहाराचं नाव आणि सोन्याच्या नाण्यांत किंमत लिहून, तो कागद दुमडून मालकाला देत. १७१९ मध्ये आठवा शोगून योशिमुने याच्या हुकमावरून होनआमी कोचू यानं देशातल्या नामवंत तलवारींची यादी तयार केली. कोचूपर्यंतचे कागद आजही आदरानं बघितले जातात. पुढच्या पिढ्यांचे कागद बघताना लोक जरा खांदे उडवतात. परीक्षकाची कमाई किमतीवर अवलंबून असली की किमती वाढतात, एवढंच.

सही नसलेल्या तलवारीवर होनआमी आपला निर्णय नाकागोवरच सोन्याच्या अक्षरांत जडवून घेत. आणि सही नसलेल्या तलवारी मुबलक होत्या, कारण सोळाव्या शतकात घोडेस्वारांच्या लांब तलवारी पायदळाच्या लढाईसाठी आखूड करण्यात आल्या. आखूड करताना टोकाला हात लावत नाहीत, मुठीकडून कापतात, त्यामुळे मूळ नाव लोखंडासकट भंगारात जातं. काही हळवे मालक नावाची पट्टी दुमडून घेत, काही कापून नव्या नाकागोत चौकट करून बसवत. ओदा नोबुनागा या सरदारानं तर वेगळीच नोंद करून ठेवली. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत त्याचा शत्रू इमागावा योशिमोतो पडला, त्याची तलवार नोबुनागाच्या हाती लागली. नोबुनागानं नाकागोवर सोन्यात लिहून घेतलं, की अमुक दिवशी योशिमोतोला मारलं तेव्हा ही त्याच्याकडे होती. दुसऱ्या बाजूला स्वतःचं नाव. लोहाराचं नाव नाही. ती तलवार आज क्योतोच्या केनकुन देवळाकडे आहे.

सहीवाचून काही अडत नाही याची सर्वांत मोठी साक्ष मासामुनेची. कामाकुराचा हा लोहार जपानी माणसाला तलवार म्हटलं की पहिला आठवतो, पण त्याच्या खात्रीच्या सह्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. १८९६ च्या सुमाराला इमामुरा चोगा या राजघराण्याच्या तलवारतज्ज्ञानं योमिउरी वर्तमानपत्रात हा माणूस मुळात होताच का, असा प्रश्न टाकला आणि बरीच खळबळ उडवली. मासामुने टिकला तो सह्यांमुळे नाही. त्याच्या पोलादातले चमकते कण आणि रेघा दुसऱ्या कुणाच्या पात्यात तशा दिसत नाहीत, म्हणून टिकला. दुसरी साक्षही आहे: २०२० मध्ये सेतोउची या छोट्या शहरानं 'यामातोरिगे' ही राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार ५० कोटी येनना विकत घेतली, बहुतांश देणग्यांच्या जोरावर. तिच्यावर लोहाराचं नाव नाही. ती आता ओसाफुनेच्या संग्रहालयाची.

ओसाफुने म्हणजे बिझेनच्या लोहारांचं गाव, आणि इथे सहीचा प्रश्न आणखी एका अंगानं गुंततो. सोळाव्या शतकात 'सुकेसादा' हे नाव कोरणारे लोहार इथे डझनांनी होते. युद्धाची मागणी इतकी, की तलवारी घाऊक निघत आणि त्यांवर 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढंच आखूड नाव (बिशू म्हणजे बिझेन). खास गिऱ्हाइकासाठी घडवली तर मात्र गावाचं, प्रांताचं पूर्ण नाव आणि लोहाराचं योसोझाएमोनसारखं घरचं नावही. दोन्ही सह्या खऱ्याच. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय म्हाताऱ्या गुरूच्या परवानगीनं शिष्यानं घडवलेली आणि शिष्यानंच गुरूचं नाव कोरलेली पाती असतात. हात दुसऱ्याचा, तरी सही खोटी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सेकी गावात तर सह्या कोरणारे कारागीर वेगळे होते, लोहार दिवसभर ठोकत राहायचा.

त्या युद्धानं हजारो तलवारी जगभर पांगल्या. १९४५ मध्ये अमेरिकी ताब्यातल्या जपानात तलवारी जप्त होऊ लागल्या. तेव्हा होन्मा जुन्जी या अभ्यासकानं कर्नल कॅडवेल या अमेरिकी अधिकाऱ्याला पटवलं, की यातल्या कित्येक हत्यारं नव्हेत, कलाकृती आहेत. त्यातून १९४८ मध्ये जपानी कला-तलवार जतन संस्था उभी राहिली. आज जुन्या तलवारीवरचा सर्वांत वजनदार कागद तिचाच.

याच काळात मराठी माणसं त्या मुलखात होती. विजेत्या राष्ट्रांच्या फौजेबरोबर ब्रिगेडियर थिमय्यांची २६८ वी हिंदी ब्रिगेड जपानात गेली. तीत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ब्रिगेडचा मुक्काम शिमाने भागात होता, जिथल्या लोहवाळूपासून तलवारीचं पोलाद निघतं. हिंदी पलटणींच्या संग्रहात जपानी तलवारी आजही आहेत. बऱ्याचशा युद्धकाळातल्या, कारखान्यात निघालेल्या, पण जपानी अधिकारी कधी कधी लष्करी मुठीत घरची जुनी पाती बसवत. म्हणून मला एक भीती वाटते. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं घासूनपुसून लख्ख करतात, चिंच, राख, नाहीतर बाजारातलं पॉलिश. एखाद्या घरात आजोबांनी आणलेली जपानी तलवार असेल आणि कुणा उत्साही नातवानं मूठ उतरवून नाकागोही चकचकीत केला, तर चारशे वर्षांची साक्ष दुपारच्या जेवणाआधी पुसली जाते. पूजा जरूर करावी. मुठीच्या आतल्या गंजाला हात लावू नये.

जपानी कला-तलवार जतन संस्थेकडे तलवार पाठवली की निकाल कागदाच्या पायऱ्यांवर येतो. १९८२ मध्ये जुनी पद्धत बदलून आजची आली, कारण आधीच्या काही कागदांवरचा विश्वास उडाला होता. सही खोटी ठरली की कागद नाही. पातं कितीही सुंदर असो. सही नसलेल्या पात्याला मात्र कागद मिळतो. यातून एक विचित्र मार्ग निघाला आहे: खोटं नाव कानशीनं घासून टाकायचं, गंज पुन्हा बसवायचा, आणि तलवार 'विनासही' म्हणून परत पाठवायची. पुष्कळ मालक हे करतात. परदेशात तर सर्रास.

मला हे पटत नाही, आणि अनेक संग्राहकांनाही पटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका चांगल्या पात्यावर कोतेत्सुचं नाव कोरलं, ही त्या पात्याच्या आयुष्यातली घडलेली गोष्ट आहे. ती घासून नाकागो कोरा केला तर खोटेपणा जातो, पण त्याबरोबर भेटीगाठींचा, मानपानाचा एक कागदही जातो. शिवाय परीक्षक माणसंच. ते कधी निर्णय राखून ठेवतात, आणि एकदा नाकारलेली सही पुढे नवे ठसे मिळाल्यावर मान्य झाल्याचीही उदाहरणं आहेत. घासलेली सही फेरतपासणीला पाठवता येत नाही.

तोक्योच्या काही व्यापाऱ्यांनी मधला मार्ग धरला आहे. ते अशा तलवारींच्या चिठ्ठीवर 'नाव: कोतेत्सु, सही खोटी' असं सरळ लिहितात, पाण्याची रेघ बघून किंमत ठरवतात, आणि त्या तलवारींना गिऱ्हाईक मिळतं.